सामाईक विहीर आणि एकच मोट

२०२४ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन निकालाच्या प्रतीक्षेत घरी बसलेल्या माझ्या पुतण्याने, अभ्यास आणि खेळ या दोन्ही प्रयोजनांसाठी एक संगणक जोडून घ्यावा अशी दरखास्त घरात मांडली, आणि दोन आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर माझ्या धाकट्या भावाने ती एका अटीवर मंजूर केली. अट अशी की, एकंदर खर्च चाळीस हजारांच्या वर जाता कामा नये आणि खरेदीच्या वेळी काकाने जातीने हजर राहावे. कारण जिल्हा परिषदेच्या लेखाशाखेत एकतीस वर्षे दुसऱ्यांची बिले तपासण्यात ज्याने घालविली, त्याला दुकानदार सहजासहजी फसवू शकणार नाही, असा त्याचा भाबडा समज होता. तो समज कसा खोटा ठरला हे सांगण्यापूर्वी एवढे नमूद केले पाहिजे की दुकानदाराने आम्हांस एकही असत्य वाक्य सांगितले नाही.

"काका, वेगळं ग्राफिक कार्ड आत्ता नकोच. दोन जीबी ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच येतं. निर्धास्त न्या," असे तो म्हणाला आणि पावतीवर एकाखाली एक ओळी लिहीत गेला: रायझन ५ ५६००जी, मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस. मी चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचली, बेरीज पडताळली, आणि आठ अधिक दोन म्हणजे एकूण दहा जीबी स्मरणसाठा या पैशांत काही वाईट नाही असा मनोमन शेरा मारून रक्कम चुकती केली. संध्याकाळी यंत्र सुरू झाले. पुतण्याने पडद्यावर यंत्राची माहिती देणारे पान उघडले, तेव्हा तेथे रॅमपुढे ८.०० जीबी हा आकडा होता खरा, परंतु त्याच्याच पुढे कंसात ५.९ जीबी एवढीच वापरण्याजोगी असल्याचा खुलासा होता. "काका, दोन जीबी कुणी खाल्ले?" त्याने विचारले, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कधी आला नव्हता असा संकोच त्या क्षणी वाटला, कारण एकच रक्कम दोन खात्यांच्या जमेस धरल्याचा तो प्रकार होता, आणि तो माझ्या नजरेखालून, माझ्या सहीनिशी पार पडला होता. आठ अधिक दोन दहा होत नव्हते. आठांतून दोन वजा होऊन सहा उरत होते.

खेळांसाठी संगणक घेणे हा वृत्तपत्राने दखल घेण्याजोगा विषय आहे काय, असे एखादा वाचक विचारील. मला स्वतःला पत्त्यांपलीकडे कोणताही खेळ येत नाही, तरीही माझे उत्तर होकारार्थी आहे. कारण मध्यमवर्गीय घरांतून या एका वस्तूवर जी रक्कम खर्च होते ती बहुधा आईबापांनी दुसरी एखादी गरज मागे सारून उभी केलेली असते, आणि ज्या वस्तूचे अंतरंग ना आईबापांना ठाऊक ना धड मुलांना, तिच्या व्यवहारात मोघम शब्दांना फार मोठा वाव मिळतो.

प्रथम वस्तुस्थिती. संगणकात चित्र रेखाटण्याचे काम करणारा जो घटक असतो, तो स्वतंत्र कार्डाच्या रूपाने आला तर आपला स्मरणसाठा स्वतःबरोबर घेऊन येतो, जणू वेगळ्या चुलीचा भाऊ; परंतु तोच घटक प्रोसेसरच्या पोटात बसविलेला असला, म्हणजे ज्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात तो प्रकार असला, तर त्याच्याजवळ स्वतःचा दाणाही नसतो आणि जे काही लागेल ते घराच्या सामाईक कोठारातून, म्हणजे रॅममधून, उचलावे लागते. ही व्यवस्था आजची नाही. १९९९ साली इंटेलने ८१० नावाचा चिपसेट आणला, त्यात चित्रे रेखाटणारा भाग मदरबोर्डवरच होता आणि तो मुख्य मेमरीतूनच आपला वाटा घेत असे. पुढे २०११ च्या सुमारास इंटेल आणि, २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेऊन बसलेली, एएमडी या दोघांनीही तो भाग प्रोसेसरच्या एकाच चकतीवर आणला. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत रायझन २२००जी व २४००जी हे प्रोसेसर आले, तेव्हा वेगळे कार्ड न घेताही बऱ्यापैकी खेळ खेळता येतात ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांच्या प्रथम ध्यानात आली. 'जी' हे अक्षर तेव्हापासून काटकसरी घरांतील मुलांना एखाद्या पदवीसारखे प्रिय आहे.

आता पडद्यावरील चित्राचा हिशेब मांडू. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी चार बाइट. म्हणजे एक संपूर्ण चित्र ८३ लाख बाइटांच्या आत, सुमारे ८ एमबीत, मावते. मग गीगाबाइटांची भाषा कशाला? कारण चित्र लहान असले तरी ते काढण्यासाठी लागणारे साहित्य प्रचंड असते. भिंतीची वीट, रस्त्यावरचा चिखल, पात्राच्या अंगरख्याची वीण, या प्रत्येकासाठी टेक्श्चर नावाचे एकेक चित्रपत्र आधी मेमरीत मांडून ठेवावे लागते, आणि ४०९६ बिंदूंच्या चौरसाचे असे एकच पत्र जसेच्या तसे ठेवले तर ६४ एमबी व्यापते, आकुंचित करून ठेवले तरी १६. नाटकाच्या पडद्यापेक्षा पडद्यामागच्या रंगपटालाच अधिक जागा लागावी तसे हे आहे. तथापि सर्वच खेळ असे खादाड नसतात. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे जे दोन खेळ आमच्या घरी प्रामुख्याने हवे होते, त्यांच्या निर्मात्यांनी किमान १ जीबी ग्राफिक्स मेमरी पुरेल असे स्वतःच जाहीर केलेले आहे. या कामी मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए फाइव्ह. त्यात चित्राचा दर्जा वाढवीत जावे तसतसा मेमरीच्या खर्चाचा एक पट्टा पुढे सरकतो, मर्यादा ओलांडली तर खेळ तसे स्पष्ट बजावतो, आणि तरीही पुढे जायचे असेल तर ती मर्यादा दुर्लक्षिण्याची मुभा आपल्या जबाबदारीवर देतो. खेळ गुन्हेगारीचा, पण जमाखर्च चोख!

आमचे दोन जीबी मात्र गेले होते कोठे? याचे उत्तर जुन्या महसुली भाषेत अधिक नेमके देता येते. संगणक सुरू होताना डिलीट कळ दाबून जो बायॉस उघडतो, त्यात मदरबोर्डगणिक वेगळ्या कोपऱ्यात 'यूएमए फ्रेम बफर साइज' नावाची एक नोंद असते आणि तेथे ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी असे पर्याय असतात. त्यांतील जो पर्याय निवडाल तेवढी रॅम ग्राफिक्सला इनाम दिली गेली असे समजावे. इनाम जमीन पिको वा न पिको, ती गावाच्या आकारणीतून कायमची वजा. त्याप्रमाणे खेळ चालू असो वा पोरगा निबंध लिहीत असो, तेवढी रॅम विंडोजला दिसतच नाही. याखेरीज, उरलेल्या रॅमपैकी निम्म्यापर्यंत भाग विंडोज ग्राफिक्सला गरजेपुरता उसना देते आणि काम संपताच परत घेते. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड' म्हणून जो आकडा दिसतो तो या उसनवारीची कमाल मर्यादा होय. आता ध्यानात घेण्याची गोष्ट ही की इनामाची जमीन आणि उसनी जमीन एकाच शिवारातली, एकाच मातीची आहे. दोन्ही त्याच रॅममध्ये आहेत, दोहोंचा वेग एकच आहे. त्यामुळे इनाम अर्ध्या जीबीवरून दोन जीबीवर नेल्याने चित्र अधिक जलद रेखाटले जाईल ही समजूत, मी जेवढे पाहिले त्यावरून, जवळजवळ निराधार आहे. उलट ज्याच्याजवळ मुळात आठच जीबी आहेत त्याच्या विंडोजला आणि खेळाला उरलेल्या सहांत दाटीवाटीने राहावे लागते, आणि दाटी झाली की रॅममधील सामान क्षणोक्षणी एसएसडीवर हलविले जाऊन खेळ नेमका मोक्याच्या क्षणी अडखळतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो कारकुनी स्वरूपाचा आहे. काही खेळ सुरू होतानाच 'डेडिकेटेड' म्हणून नोंदलेला आकडा पाहतात, उसनवारीची सोय विचारातच घेत नाहीत, आणि आकडा कमी दिसला की दारातूनच परत पाठवितात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांत ही नोंद पुष्कळदा १२८ एमबी एवढीच दिसते त्यांच्या मालकांना हा अनुभव विशेष येतो. यावर एक उपाय मुलांमध्ये प्रचलित आहे: विंडोजच्या रजिस्ट्रीत इंटेलच्या नावाखाली एक नवीन नोंद करून तेथे ५१२ हा आकडा घालायचा. पुतण्याच्या एका मित्राने तो करून मला मोठ्या अभिमानाने दाखविला. मी त्याला म्हटले, "अरे, हा सात-बाराच्या उताऱ्यावर आकडा वाढविण्याचा प्रकार झाला; जमीन होती तेवढीच आहे." आणि ते अक्षरशः खरे आहे, कारण त्या नोंदीने एक बाइटदेखील मेमरी वाढत नाही, खेळाने विचारले असता सांगावयाचा आकडा तेवढा बदलतो. खेळ सुरू होण्यापुरती ती युक्ती उपयोगी पडते हे मात्र मान्य केले पाहिजे, आणि आमच्या खात्यात याहून कमी उपयोगाच्या नोंदी मी पाहिल्या आहेत.

असो. आम्ही बायॉसमधील इनाम खालसा करून ५१२ एमबीवर आणले, विंडोजला ७.४ जीबी दिसू लागले, आणि खेळाचे ते मधूनच अडखळणे बरेच कमी झाले. परंतु वेग तोच राहिला. पुतण्याने लावलेल्या मोटारींच्या शर्यतीच्या खेळात, पडद्याच्या कोपऱ्यात दर सेकंदाला रेखाटल्या जाणाऱ्या चित्रांचा जो आकडा लुकलुकत असे, तो तिशीच्या खालीच रेंगाळत राहिला. मेमरी पुरेशी होती, प्रोसेसर उत्तम होता, तरी गाडी पुढे सरकेना. याचे कारण शोधताना मला साताऱ्याजवळील लिंब गावची बारा मोटांची विहीर आठवली, आणि हा सर्व विषय त्या आठवणीने माझ्यापुरता उलगडला.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत आमराईच्या शिंपणासाठी बांधलेली ती विहीर ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की तिचे नाव तिच्यातील पाण्याच्या साठ्यावरून पडलेले नाही. काठावर एकाच वेळी किती मोटा चालू शकतात यावरून पडलेले आहे. आपले पूर्वज विहिरीची योग्यता अशीच सांगत, एकमोटी, दुमोटी, चारमोटी. कारण विहीर कितीही तुडुंब असली तरी काठावर धाव एकच असेल आणि बैलांची एकच जोडी एकच मोट ओढीत असेल, तर थारोळ्यात पडायचे तेवढेच पाणी पडणार आणि पाटाच्या शेवटी असलेले वाफे कोरडेच राहणार. रॅममधील गीगाबाइट म्हणजे विहिरीतले पाणी. ग्राफिक्सची खरी तहान मात्र एका सेकंदात किती पाणी वर येते याची असते, आणि ते रॅमच्या स्टिक, म्हणजे पट्ट्या, किती आहेत व त्या कोणत्या वेगाने चालतात यावर अवलंबून आहे. डीडीआर४ जातीची, ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. दोन स्टिक दोन वेगळ्या वाहिन्यांत बसविल्या तर ५१.२. डीडीआर५ च्या ६००० वेगाच्या दोन स्टिक असल्या तर ९६. आणि याच्याशेजारी, २०१९ साली आलेले आणि आज अगदी सामान्य गणले जाणारे जीटीएक्स १६५० हे कार्ड ठेवा. त्याच्याजवळ ४ जीबीच मेमरी आहे, परंतु सेकंदाला १२८ जीबीचा प्रवाह त्याच्या एकट्याच्या मालकीचा आहे, तर आमच्या ५६००जीच्या ग्राफिक्सला त्या २५.६ मध्येही प्रोसेसरशी पाळी लावून पाणी घ्यावे लागत होते.

म्हणून मी कॅबिनेटची बाजूची झडप उघडायला लावली. आत पंख्याच्या उजव्या अंगाला दोन लांबट काळ्या खाचा समांतर होत्या. एकीत हिरवी पट्टी उभी होती, दुसरी रिकामी, तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा खटका उघडा, आणि तळाशी आठवड्याभराची धूळ. दुकानदाराने ८ जीबी सांगितले होते आणि ८ जीबीच दिले होते, एका स्टिकमध्ये. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी स्टिक आणली, तिला तेव्हा दोन हजारांच्या आतच पैसे पडले, पुतण्याने ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसविली, खटका 'टक्' असा वाजून मिटला, आणि यंत्र सुरू केल्यावर तोच खेळ, त्याच रस्त्यावर, त्याच गाडीने पन्नाशीच्या आसपास चालू लागला. प्रोसेसर बदलला नव्हता. कार्ड घातले नव्हते. दुसऱ्या मोटेला धाव मिळाली होती, एवढेच.

एकाच कोठारातून दोघांनी घेणे हाच दोष आहे, असे जे कार्डविक्रेते सांगतात ते मला पटत नाही. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांची मेमरी एकत्रच आहे, अवघी ८ जीबी. परंतु तिचा प्रवाह सेकंदाला १७६ जीबी इतका रुंद ठेवलेला आहे, आणि प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी सामाईक मेमरीला तो ४४८ पर्यंत नेलेला आहे. सामाईक विहिरीवरही बागा फुलतात. काठ मात्र रुंद पाहिजे. आणि याची उलट बाजू पाहावयाची असेल तर जीटी १०३० या कार्डाचे उदाहरण घ्यावे. हे स्वतंत्र कार्ड प्रथम जीडीडीआर५ मेमरीसह आले तेव्हा त्याचा प्रवाह सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ साली तेच नाव ठेवून डीडीआर४ मेमरी घातलेली आवृत्ती बाजारात आली आणि तिचा प्रवाह १६.८ वर उतरला. डब्यावर दोन्हीकडे २ जीबी! नाव तेच, आकडा तोच, आणि खेळांतील अंतर इतके की दुसरे कार्ड घेणाऱ्याने ते काढून ठेवून दोन स्टिकच्या ५६००जीवर काम भागविले असते तर अधिक सुखी झाला असता. जीबी हा एकच आकडा पाहून ग्राफिक्स विकत घेणे म्हणजे टाकीची क्षमता विचारून मोटार घेण्यासारखे आहे.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. स्वस्त मदरबोर्डावर खाचा दोनच असतात, आणि दोन्ही भरल्या की पुढे रॅम वाढविताना जुन्या स्टिक काढून टाकाव्या लागतात. म्हणून "आत्ता एकच मोठी घाला, पुढेमागे वाढवता येईल" असा त्यांचा सल्ला असतो. ज्या यंत्रात स्वतंत्र कार्ड आहे तेथे तो काही अंशी रास्त आहे. परंतु इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तो देणे म्हणजे भविष्यातल्या सोयीसाठी वर्तमानातला निम्मा वेग गहाण ठेवायला सांगणे होय. एका १६ पेक्षा दोन ८ हेच अशा यंत्राला योग्य, आणि ८ जीबी एवढीच ऐपत असेल तर दोन ४ देखील विचारात घ्यावेत, जरी ते मला मनापासून पसंत नाहीत, कारण विंडोज आणि ब्राउझर यांनाच त्यांतला मोठा वाटा लागतो. याखेरीज, "प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे" हे वाक्यदेखील किती मोघम आहे पाहा: रायझन ७६०० मध्येही ग्राफिक्स आहे आणि ८७००जी मध्येही आहे, परंतु पहिल्यात चित्र रेखाटणारे गट दोन आहेत, दुसऱ्यात बारा. पहिला पडदा उजळण्यापुरता. त्याच्यावर खेळांची भिस्त ठेवणे व्यर्थ. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते त्यांत ग्राफिक्स मुळीच नसते, ही गोष्ट पडदा काळा राहिल्यावर कळलेले दोन सद्‌गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.

मग सरळ कार्डच का घेऊ नये? ज्याच्याजवळ तेवढी शिल्लक आहे त्याने जरूर घ्यावे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, लागले की नवी-जुनी कार्डे मांडलेली दुकाने दुतर्फा आहेत. परंतु २०२१ साल ज्यांनी अनुभवले ते सांगतील की आभासी चलन खणणाऱ्यांनी बाजारातील कार्डे अशी उचलली होती की साध्या कार्डाला दुप्पट मोजूनही ते मिळत नसे, आणि त्या काळात कित्येक घरांतील संगणक 'जी' प्रोसेसरच्या भरवशावरच उभे राहिले. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाने खणण्याची पद्धतच सोडून दिली, तेव्हा तीच राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. त्यांत चांगली आहेत आणि कोळसा झालेलीही आहेत, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. आज नेमकी उलट पाळी रॅमवर आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांना मेमरी हवी असल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे दर भराभर चढले, आणि दोन हजारांच्या आतली ती दुसरी स्टिक आता त्या भावात मिळण्याची आशा राहिलेली नाही. इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा सारा संसार रॅम स्वस्त असण्यावर उभा होता. ती महागली की दुकानदाराचा पहिला मोह एक स्टिक कमी घालण्याचा होणार, आणि गिऱ्हाइकाला ते दिसणार नाही, कारण कॅबिनेटची काच रंगीत दिव्यांनी झगमगत असते.

येथे माझे गाऱ्हाणे व्यक्तीविरुद्ध नसून पावतीविरुद्ध आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावे असे वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. वस्तूचा दर्जा, परिमाण आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकाला दिलेला आहे. आणि चाळीस हजारांच्या यंत्राच्या पावतीवर मात्र एकच दोन जीबी दोनदा मोजून लिहिता येतात, कारण 'ग्राफिक्स २ जीबी' हे विधान तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. लेखापरीक्षणात याला आम्ही असत्य म्हणत नसू, 'दिशाभूल करणारे वर्गीकरण' असा शेरा मारीत असू, आणि त्या शेऱ्यावर खुलासा मागविला जात असे. येथे खुलासा मागविणारे दुसरे कोणी नाही. यासाठी नवा कायदा हवा असे मी म्हणत नाही. नव्या कायद्यांची अंमलबजावणी मी आतून पाहिलेली आहे. पावतीवर एक ओळ अधिक लिहिली तरी पुष्कळ झाले: 'रॅम ८ जीबी, एक स्टिक; ग्राफिक्सची मेमरी याच रॅममधून.' एवढे वाचून ज्याला घ्यायचे त्याने खुशाल घ्यावे.

तोपर्यंत, या सुटीत मुलाबरोबर संगणक घ्यायला निघालेल्या आईबापांना माझी विनंती अशी की पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. रॅमच्या स्टिक किती? आणि ग्राफिक्सची मेमरी त्यातूनच वजा होणार की वेगळी? उत्तर तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर झडप उघडून दोन्ही खाचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुकानदार कां-कूं करू लागला तर रागावू नका. लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याची बाजारपेठ, पुढचे दुकान दहा पावलांवर असते.